स्वतःलाच कामावरून काढलं तर?

जर्मनीत नोकरी सुटली की माणूस रोजगार कार्यालयात नाव नोंदवतो. त्याच्या नावाचा एक दाखला मात्र जुन्या मालकाकडून यावा लागतो. ‘आर्बाइट्सबेशायनिगुंग’ असं त्याचं जीभ अडखळवणारं नाव. काम कधीपासून कधीपर्यंत केलं, पगार किती होता आणि नोकरी संपली ती मालकाच्या मर्जीने की नोकराच्या, एवढा मजकूर त्यात असतो. २०२३ पासून मालकाने तो थेट संगणकावरून कार्यालयाला पाठवायचा असतो. बेकारी भत्ता मिळणार का, किती आणि किती दिवस, हे बरंचसं या एका दाखल्यावर ठरतं.

आता ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याने हा दाखला आणायचा कुठून? मोठं गिऱ्हाईक तुटलं, दोन बिलं बुडाली, तिसऱ्या महिन्यापासून काम येईनासं झालं. बेकार तर तो झालाच. पण त्याला कामावरून काढणारा कोणी नाही. मालक तोच, नोकर तोच, आणि दाखला द्यायचा झाला तर तोही त्यानेच स्वतःला द्यायचा.

स्वतंत्र व्यावसायिकाला बेकारी भत्ता का मिळत नाही, असं विचारलं की साधारणपणे उत्तर येतं, ‘तो विम्याचा हप्ता भरत नाही म्हणून.’ ते खरं आहे, पण अर्धंच. हप्ता घ्यायचा ठरवला तर घेता येतो. खरी अडचण साक्षीदाराची आहे. या माणसाचं काम गेलंय, त्याने मुद्दाम घालवलेलं नाही आणि तो नवं काम शोधतोय, हे तिऱ्हाईताने सांगायला हवं. नोकरदाराच्या बाबतीत ते मालक सांगतो. स्वतंत्र व्यावसायिकासाठी असा तिऱ्हाईत शोधण्याची खटपट निरनिराळ्या देशांनी आपापल्या परीने केली, आणि त्यातली एकही पूर्ण जमलेली नाही.

मुळात हा विमा कारखान्यासाठी जन्माला आला. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात तो पहिल्यांदा देशपातळीवर सक्तीचा केला, तोही सगळ्यांसाठी नव्हे. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा मोजक्या धंद्यांतल्या कामगारांसाठी. कामगाराचे आठवड्याला अडीच पेन्स, मालकाचे तेवढेच, वर सरकारची भर. आणि काम गेलं तर आठवड्याला सात शिलिंग, जास्तीत जास्त पंधरा आठवडे. जर्मनीचा कायदा १९२७ चा, अमेरिकेचा १९३५ चा. तिन्ही ठिकाणी पैशाची वाट एकच, पगारातून कापायचा किंवा पगारावर मालकाकडून घ्यायचा. पगारपत्रक हाच या इमारतीचा पाया. ज्याला पगारपत्रकच नाही तो आपोआप इमारतीबाहेर राहिला. त्या काळी त्याचं कोणाला फारसं काही वाटलं नाही, कारण धंदेवाला म्हणजे गाठीला दोन पैसे असलेला माणूस अशी समजूत होती.

विमा कंपनीच्या नजरेने पाहिलं तर स्वतंत्र व्यावसायिक हे अवघड गिऱ्हाईक आहे. दुकानाचं शटर तो स्वतःच वर करतो, स्वतःच खाली ओढतो. मंदीच्या दोन महिन्यांत खाली ओढून भत्ता घ्यायचा आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा वर करायचं, असं त्याने केलं तर पकडणार कसं? त्यात विमा ऐच्छिक ठेवला तर तो घेणार कोण? ज्याला धंदा डळमळीत दिसतोय तो. चांगलं चाललेला माणूस हप्ता भरत नाही, मग हप्ता वाढवावा लागतो, वाढला की आणखी चांगली माणसं बाहेर पडतात. विम्यातलं हे जुनंच दुखणं आहे, पण बेकारी विम्यात ते फार लवकर चिघळतं.

जर्मनीने तरीही ऐच्छिक विमा आणला, १ फेब्रुवारी २००६ पासून. त्याच्या अटी वाचताना जाणवतं की प्रत्येक अटीमागे एखाद्या चलाख माणसाची धास्ती आहे. समजा, तुमचा भाचा पुण्याहून म्युनिकला गेला, तिथे चार वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली आणि आता नोकरी सोडून स्वतंत्रपणे प्रकल्प घ्यायचं म्हणतोय. त्याला तीन वाटा आहेत. कोणती धरली आणि कोणत्या तारखेला धरली, यावर पुढे धंदा बसला तर हातात काय येईल ते ठरतं.

पहिली वाट म्हणजे काहीच न करण्याची. राजीनामा दिला, दुसऱ्या दिवसापासून स्वतंत्र काम सुरू केलं. जर्मन नियम असा की भत्ता मागताना मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विम्याचे हवेत. (२०२० पूर्वी ही खिडकी २४ महिन्यांचीच होती.) भाच्याच्या खात्यात नोकरीचे महिने भरपूर आहेत, पण दिवस जातील तशी खिडकी पुढे सरकते. स्वतंत्र कामाचे १८ महिने होईपर्यंत मागच्या ३० महिन्यांत नोकरीचे १२ महिने दिसतात. त्यानंतर एक महिना उलटला की ११ च दिसतात, आणि अकरा म्हणजे शून्य. आधीची चार वर्षं त्याने हप्ता भरलेला असतो, पण विमा म्हणजे बचत खातं नव्हे. खिडकीबाहेर गेलेला हप्ता गेला.

दुसरी वाट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि मला या सगळ्या कायद्यातली हीच सर्वांत मजेशीर वाटते. नोकरी संपली आणि स्वतंत्र काम सुरू झालं, या दोहोंमध्ये भाच्याने थोडे दिवस जाऊ दिले, रीतसर बेकार म्हणून नाव नोंदवलं आणि भत्त्याचा हक्क एकदा त्याच्या नावावर उभा राहिला, की तो हक्क चार वर्षं जिवंत राहतो. अगदी एकच दिवस बेकार राहिला तरी. पुढे त्याने तीन वर्षं धंदा केला, तो बुडाला, तर उरलेल्या दिवसांचा भत्ता जुन्या पगाराच्या हिशेबाने मागता येतो. म्हणजे सलग कष्ट करणाऱ्यापेक्षा मध्ये एक दिवस बेकार राहून नाव नोंदवणारा जास्त सुरक्षित. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात हे नसावं, पण जर्मनीतले सल्लागार धंदा सुरू करणाऱ्याला ही गोष्ट आवर्जून सांगतात.

यात एक काटा आहे. नोकरी आपणहून सोडली तर साधारणपणे १२ आठवडे भत्ता रोखला जातो, आणि भत्त्याच्या एकूण मुदतीतला किमान चौथा हिस्सा कायमचा कापला जातो. भाच्याला १२ महिन्यांचा हक्क असेल तर तीन महिने गेलेच म्हणायचे. त्यामुळे कंपनीत मनुष्यबळ कमी करण्याची लाट असेल तर काही जण स्वतः राजीनामा न देता थोडं थांबतात. स्वतंत्र होण्याची उमेद एकीकडे आणि पत्रावर सही कोणाची ही चिंता दुसरीकडे. पुन्हा तोच साक्षीदार आडवा येतो.

नाव नोंदवलेल्या माणसाला धंदा उभा करायला सरकार हातही देतं. ‘ग्रुंडुंग्सत्सूशुस’ नावाच्या या अनुदानात पहिले सहा महिने भत्त्याएवढी रक्कम आणि वर ३०० युरो मिळतात. पुढचे नऊ महिने नुसते ३०० युरो मिळू शकतात. अट अशी की अर्ज करताना भत्त्याचे किमान १५० दिवस शिल्लक हवेत. २०११ अखेरपर्यंत अटी पुऱ्या केल्या की अनुदान हक्काने मिळायचं. आता ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. आणि हे फुकट नाही. पहिल्या सहा महिन्यांत जितके दिवस अनुदान घेतलं तितके दिवस भत्त्याच्या शिलकेतून वजा होतात. धंदा सातव्या महिन्यात बसला तर मागे फार थोडं उरलेलं असतं.

तिसरी वाट ऐच्छिक विम्याची. यासाठी स्वतंत्र काम सुरू केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ती मुदत चुकली की पुढे कितीही विनवण्या केल्या तरी त्या कामासाठी दार बंद. का, तर धंदा कसा चाललाय ते वर्षभर पाहून मग विमा घ्यायची सोय नको. आधी नोकरी केलेली असणं किंवा भत्त्याचा हक्क असणं आवश्यक, म्हणून विद्यापीठातून बाहेर पडून थेट स्वतंत्र काम धरणाऱ्याला इथे जागाच नाही. काम आठवड्याला किमान १५ तासांचं हवं. तीन महिन्यांचा हप्ता थकला की विमा संपतो. आणि त्या शटरवाल्याचा बंदोबस्तही केलेला आहे. विमा घेऊन काम दोनदा थांबवलं आणि दोन्ही वेळा भत्ता घेतला, तर त्याच कामासाठी पुन्हा विमा मिळत नाही.

हप्ता कमाईवर अवलंबून नाही. देशातल्या सरासरी कमाईवरून काढलेल्या एका आकड्याच्या २.६ टक्के, सगळ्यांना सारखाच. २०२५ मध्ये तो महिन्याला ९७ युरो ३७ सेंट होता. नव्याने सुरुवात करणाऱ्याला, सुरुवातीचं वर्ष आणि त्यानंतरचं पूर्ण कॅलेंडर वर्ष, निम्मा. २०१० मध्ये हाच हप्ता पश्चिम जर्मनीत १८ युरोंच्याही आत होता. २०११ मध्ये तो दुपटीहून जास्त झाला आणि २०१२ मध्ये पुन्हा दुप्पट. विम्यातलं जे दुखणं वर सांगितलं त्याचा हिशेब सरकारने दोन वर्षांत चुकता केला.

हप्ता सारखा, पण भत्ता सारखा नाही. नोकरदाराचा भत्ता त्याच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. स्वतंत्र व्यावसायिकाला पगारच नसतो. मागच्या दोन वर्षांत पगाराचे १५० दिवसही नसतील, तर कार्यालय त्याच्यासाठी एक मानीव पगार ठरवतं आणि तो ठरवतं शिक्षणावरून. त्याच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर विद्यापीठाची पदवी लागणारी कामं. २०२५ च्या आकड्यांनी त्यांचा मानीव पगार दिवसाला १४९ युरो ८० सेंट, म्हणजे महिन्याला सुमारे साडेचार हजार युरो. सर्वांत खालच्या पायरीवर कोणतंही प्रशिक्षण न लागणारी कामं. त्यांचा बरोबर निम्मा, ७४ युरो ९० सेंट. धंद्यातून प्रत्यक्ष किती कमावलं, हे कोणी विचारत नाही. म्हणजे म्युनिकमध्ये पदवीधर सल्लागार आणि तिथेच घरोघरी सफाईची कामं स्वतंत्रपणे करणारी बाई, दोघंही तोच हप्ता भरतात. काम थांबल्यावर एकाच्या भत्त्याचा हिशेब दुसरीच्या दुप्पट पगारावर होतो. समाजवाद आणि जातिव्यवस्था यांचा असा मिलाफ सरकारी कोष्टकातच सापडतो. तुमच्या भाच्यापुरतं बोलायचं तर मात्र हा सौदा वाईट नाही.

बरं, मग काम थांबलं हे सिद्ध कसं करायचं? जर्मन कायद्यात बेकार म्हणजे आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम असलेला. स्वतंत्र माणसाचे तास मोजायला हजेरीपट नाही. म्हणून कागद मागतात. व्यापार नोंदणी असेल तर ती रद्द केल्याचा दाखला, डॉक्टर-वकील-संगणकतज्ज्ञ अशा मुक्त व्यवसायात असेल तर कर कार्यालयाला काम थांबवल्याचं कळवलेलं पत्र, शेवटच्या कराराची अखेरची तारीख. नोंदणी रद्द न करता काम १५ तासांच्या आत आणूनही बेकार ठरता येतं. पण त्या उरल्यासुरल्या कामातून महिन्याला १६५ युरोंपेक्षा जास्त नफा झाला तर वरची रक्कम भत्त्यातून कापली जाते. आणि भाचा आठवड्याला चौदा तास काम करतो की सोळा, हे शेवटी तोच सांगणार. जर्मनांनी इतक्या अटी घालूनही साक्षीदाराची जागा शेवटी पुरती भरलेली नाहीच.

भत्त्याचा हक्कच नसेल तर गरजेवर आधारलेली मदत उरते. ती विम्याची नसून करातून दिली जाते आणि त्यासाठी घरातली शिल्लक, जोडीदाराची कमाई सगळं उघडं करावं लागतं. परदेशी नागरिकाने इथे आणखी एक भेद लक्षात ठेवायचा. विम्याचा भत्ता हा स्वतःच्या हप्त्यातून आलेला, म्हणून निवास परवान्याच्या वेळी तो सरकारच्या जिवावर जगणं मानला जात नाही. गरजेची मदत मात्र तशी धरली जाऊ शकते. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे, पण तो मुख्यतः पेन्शनसाठी. भारतातली नोकरीची वर्षं जर्मन बेकारी विम्यात मोजली जात नाहीत.

फ्रान्सने साक्षीदार म्हणून थेट न्यायालयाला उभं केलं. १ नोव्हेंबर २०१९ पासून तिथे स्वतंत्र व्यावसायिकांसाठी भत्ता आहे आणि त्यासाठी वेगळा हप्ता नाही. सुरुवातीची मुख्य अट अशी की धंदा न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघालेला किंवा पुनर्रचनेत गेलेला हवा. रक्कम तेव्हा ठरावीक होती, दिवसाला २६ युरो ३० सेंट, म्हणजे महिन्याला सुमारे ८०० युरो, जास्तीत जास्त सहा महिने. अट इतकी कडक होती की लाभार्थी अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. साधा फोटोग्राफर किंवा प्लंबर न्यायालयात जाऊन दिवाळखोरी जाहीर करत नाही. तो गपचूप दुसरं काम बघतो. म्हणून २०२२ मध्ये वाट थोडी रुंद केली. धंदा आता चालण्यासारखा नाही असा जाणकाराचा दाखला आणला तरी चालतं.

ब्रिटनमधली तऱ्हा आणखी वेगळी. तिथला स्वतंत्र व्यावसायिक भरत असलेला राष्ट्रीय विमा पेन्शनसाठी धरला जातो, हप्त्यावर मिळणाऱ्या बेकारी भत्त्यासाठी नाही. अपवाद थोडे, आणि त्यातला एक थेट समुद्रावरचा. मासेमारी बोटीवर पगाराऐवजी मिळालेल्या मासळीतला वाटा घेणारा मच्छीमार कायद्याने स्वतंत्र व्यावसायिकच असतो. पण तो नेहमीपेक्षा थोडा जास्त हप्ता भरतो आणि बेकारी भत्ता मागू शकतो. हवामानामुळे बोट पाण्यात घालता आली नाही, बोट दुरुस्तीला होती, त्या पाण्यात मासळीच नव्हती, अशी कारणं नियमांत लिहिलेली आहेत.

वाट्यावर काम करणारी माणसं आपल्याकडेही आहेत. कोकणातल्या बोटीवर तांडेल आणि खलाशी यांना अनेक ठिकाणी वाटाच मिळतो. सिंधुदुर्गातल्या रापणीत तर ओढलेल्या मासळीची वाटणी हीच मजुरी. ब्रिटिश कायद्याला हा मच्छीमार का चालला आणि लंडनचा रंगारी का नाही, याचं उत्तर सोपं आहे. वादळ किनाऱ्यावरच्या सगळ्यांना दिसतं. मच्छीमाराने ते आणलं असा आरोप कोणी करू शकत नाही. आपल्याकडचा मासेमारी बंदीचा काळ असाच. जून-जुलैत यांत्रिक बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात ते सरकारच्याच आदेशाने, तेव्हा काम नाही हे सिद्ध करायला दुसरा पुरावा लागत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत या काळासाठी पात्र मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० रुपये आणि सरकारचे ३,००० अशी तीन महिन्यांची मदत ठेवलेली आहे. रक्कम घरखर्चाला पुरी पडत नाही, आणि योजनेच्या कागदावर तिला बेकारी भत्ता म्हणतही नाहीत. पण हप्ता, बेकारीचा काळ आणि तिऱ्हाईत साक्षीदार, विम्याची तिन्ही अंगं तिच्यात आहेत.

साक्षीदार अजिबात मागितला नाही तर काय होतं, हे अमेरिकेने २०२० मध्ये करून पाहिलं. तिथे बेकारी विम्याचा कर मुख्यत्वे मालकच भरतात. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हानिया या तीनच राज्यांत कामगाराकडूनही घेतात. स्वतंत्र व्यावसायिकाचा या हिशेबात पत्ताच नव्हता. करोनाने दुकानं, टॅक्सी, लग्नसमारंभ सगळं एका आठवड्यात बंद पाडलं, तेव्हा २७ मार्च २०२० रोजी सही झालेल्या कायद्याने पहिल्यांदाच देशभर त्यांनाही भत्ता दिला. सुरुवातीला ३९ आठवडे, आणि जुलैअखेरपर्यंत सगळ्यांच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर वरकड. काम करोनामुळे गेलं, एवढं स्वतःच जाहीर करायचं होतं.

मदत पोहोचली यात शंका नाही. भाडं थकलेल्या लाखो घरांना तिने तारलं. पण दुसऱ्याच्या नावावर, मेलेल्यांच्या नावावर, तुरुंगात असलेल्यांच्या नावावरही दावे आले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे करोनाकाळातल्या सगळ्या बेकारी योजनांमध्ये मिळून १०० ते १३५ अब्ज डॉलर लबाडीने गेले. डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलला आणि व्यवसायाचे कागद मागायला सुरुवात झाली. योजना ६ सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि अमेरिकेतला स्वतंत्र व्यावसायिक पुन्हा होता तिथे आला.

त्या गडबडीत एक वर्ग विचित्र सापळ्यात सापडला. एखादी गायिका कार्यक्रमांतून वर्षाला चाळीस हजार डॉलर कमावते आणि आठवड्यातून एकदा शाळेत पगारी शिकवते, चार-पाच हजारांसाठी. पगार आहे म्हणून ती नेहमीच्या विम्यात बसते, आणि तिथला भत्ता फक्त त्या किरकोळ पगारावर निघतो. स्वतंत्र कमाई मोजलीच जात नाही. पगार नसता तर तिला जास्त मिळालं असतं. वर्षअखेरीस संसदेने अशांना आठवड्याला आणखी १०० डॉलर देऊ केले, पण तोवर नऊ महिने उलटले होते.

काहींनी मग उलटीच वाट धरली. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून हक्क मागण्यापेक्षा, आम्ही स्वतंत्र नाहीच असं म्हणायचं. पोस्टमेट्स या घरपोच सेवा देणाऱ्या कंपनीचा एक माजी डिलिव्हरीवाला याच मुद्द्यावर लढला. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये त्याला बेकारी विम्यापुरता कर्मचारी ठरवलं, कारण काम कोणाला आणि किती मोबदल्यात द्यायचं हे कंपनीच्या हातात होतं. न्यू जर्सीत चालकांना स्वतंत्र व्यावसायिक दाखवून विम्याचा कर न भरल्याबद्दल उबरला २०२२ मध्ये थकबाकी आणि व्याजापोटी १०० दशलक्ष डॉलर भरावे लागले.

आता आपल्या घरी येऊ. भारतात बेकारी भत्ता म्हणण्याजोगं जे आहे ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे. २०१८ च्या जुलैपासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस, सुरुवातीला सरासरी कमाईच्या २५ टक्के. करोनाच्या काळात ते ५० टक्के केले. पण विमाधारक म्हणजे पुन्हा नोकरदारच, तोही २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला. शिंपी, रिक्षावाला, खाणावळ चालवणारी बाई किंवा घरून भाषांतराची कामं करणारा यांच्या वाट्याला ते येत नाही.

तरीही साक्षीदाराचं कोडं महाराष्ट्राने फार पूर्वी एका वेगळ्याच रीतीने सोडवलं होतं, आणि याची दखल बेकारी विम्यावर लिहिणारे क्वचितच घेतात. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेत माणसाला कुठे कामाला होतास, कोणी काढलं, असं विचारायचं कारणच नव्हतं. जो मातीकाम करायला तयार आहे तो बेकार. दुसरा पुरावा नको. ज्याचं खरंच बरं चाललंय तो भर उन्हात खडी फोडायला येणार नाही, हे गृहीत धरलेलं. कामावर येणाऱ्यांत भूमिहीन मजूर होते तसेच अल्पभूधारक शेतकरीही होते. पाऊस न झालेला अल्पभूधारक म्हणजे धंदा बुडालेला स्वतंत्र व्यावसायिक नव्हे तर काय? केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी जो कायदा केला त्यात याच मुळाची फांदी दिसते. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूदही त्यात होती.

रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदाराच्या पगारातून तो कापला जातो, आणि डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, दुकानदार, दलाल अशा स्वतंत्र व्यावसायिकांना तो स्वतः भरावा लागतो, वर्षाला २,५०० रुपये. राज्यघटनेने घातलेली मर्यादाच तेवढी आहे. शहरातला व्यावसायिक खेड्यातल्या बेकारीसाठी कर देत आला, आणि ते योग्यच होतं. पण त्याचं स्वतःचं काम थांबलं तर त्याच्यासाठी शहरात तसं काही नाही. पन्नाशीतल्या ग्राफिक कलाकाराला खडी फोडायला सांगणं ही काही सोय नव्हे. श्रमाची कसोटी गावात चालली, ती मुंबई-पुण्यात जशीच्या तशी चालणार नाही.

शहरात दुसराच साक्षीदार तयार झालाय, तो म्हणजे ॲप. डिलिव्हरी करणारा मुलगा किंवा कॅबचालक कंपनीच्या करारात स्वतंत्र भागीदार असतो. पण तो किती वाजता लॉगिन झाला, किती ऑर्डर केल्या, किती नाकारल्या, आठवड्याला किती पैसे खात्यात गेले, हे सगळं कंपनीच्या नोंदीत असतं. काम थांबतं तेही तिथेच, आणि बहुतेकदा एका बोटाने. मुलं त्याला ‘आयडी ब्लॉक झाली’ म्हणतात. कोणी थांबवलं, कधी, कुठल्या कारणाने, याची नोंद त्या जर्मन दाखल्यापेक्षा जास्त बारकाईची असते. शंभर वर्षं ज्या अडचणीवर युरोप अडला, ती इथे तांत्रिकदृष्ट्या सुटलेली आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, आणि तिने या कामगारांना पहिल्यांदा कायद्यात नाव दिलं. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, मात्र कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही, निधीत भरायची आहे. त्यातून कोणत्या योजना आखायच्या, तर आयुर्विमा व अपंगत्व, अपघात विमा, आरोग्य आणि बाळंतपण, म्हातारपणाची तरतूद, पाळणाघर, अशी यादी संहितेत दिली आहे. आयडी ब्लॉक झाल्यावर पुढची आयडी मिळेपर्यंतचे आठवडे त्या यादीत नाहीत. यादीच्या शेवटी केंद्र सरकार ठरवेल तो अन्य लाभ, एवढी जागा मोकळी ठेवलेली आहे.